विश्लेषण : आंब्यावरचे ते ‘बांडगूळ’ खरेच बांडगूळ आहे का? शहापूर-मुरबाडमधली आमरी कशी ओळखावी आणि घरी आली तर कशी जगवावी?

मे महिना संपत आला की शहापूर आणि मुरबाड तालुक्यांत वळवाचे वारे सुटतात. संध्याकाळी अर्धा तास वादळ होते, वीज जाते आणि सकाळी परसातल्या जुन्या आंब्याची एखादी फांदी आडवी पडलेली दिसते. त्या फांदीला कधी कधी आणखी काहीतरी चिकटलेले असते. जाड, पट्ट्यासारखी पाने, पांढुरक्या दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळे आणि नशीब असेल तर जांभळ्या ठिपक्यांच्या फुलांचा हातभर तुरा. घरातले कोणी म्हणते, ‘बांडगूळ आहे, टाकून दे.’ दुसरे कोणी म्हणते, ‘फूल छान आहे, कुंडीत लाव.’

दोन्ही सल्ल्यांचा शेवट बहुतेक वेळा एकच होतो. फेकले तर ते उकिरड्यावर वाळते, आणि माती-शेणखत घालून कुंडीत लावले तर पहिल्याच पावसात कुजते. कारण ती वनस्पती बांडगूळ नसते आणि मातीत वाढणारीही नसते. ती असते आमरी, म्हणजे ऑर्किड.

मॉलमध्ये किंवा फुलांच्या दुकानात काही शे रुपयांना मिळणारे ऑर्किड आणि माहुलीच्या पायथ्याच्या ऐनावर वाढणारी आमरी एकाच कुळातली आहेत, हे अनेकांच्या लक्षात येत नाही. वाढदिवसाला भेट मिळालेल्या कुंडीचे काय करायचे, हा प्रश्न आता आसनगाव, शहापूर, मुरबाडच्या नव्या गृहसंकुलांतही पडू लागला आहे. दोन्ही प्रश्नांची उत्तरे बरीचशी एकाच ठिकाणी सापडतात, ती म्हणजे मुळांमध्ये.

बांडगूळ आणि आमरी यांत फरक काय?

हा फरक आधी समजून घेणे गरजेचे आहे, कारण चूक होते ती इथेच. आंब्यावरचे बांडगूळ वेळीच काढून टाकावे, हा सल्ला बागायतदारांना नेहमी दिला जातो आणि तो योग्यही आहे. बांडगूळ आपले मूळ झाडाच्या सालीतून आत घुसवते आणि झाडाने ओढलेले पाणी व क्षार स्वतःकडे वळवते. कालांतराने ती फांदी वाळते. पण कोयता घेऊन झाडावर चढलेला माणूस बांडगुळाबरोबर शेजारची आमरीही साफ करतो. त्याचा दोष नाही, खालून पाहिले तर दोन्ही सारखीच हिरवी झुडपे दिसतात.

जवळून पाहिले की गोंधळ राहत नाही. बांडगुळाला खऱ्या झुडपासारख्या लाकडी फांद्या असतात. ते जिथे फांदीला जोडलेले असते तिथे गाठ आलेली असते, सांधा सुजल्यासारखी. त्याची फुले नळीसारखी, केशरी-लालसर असतात आणि त्याची चिकट फळे खाऊन फुलटोचे पक्षी ते एका झाडावरून दुसऱ्या झाडावर नेतात.

आमरीला अशी गाठ नसते. तिची मुळे सालीवरून पसरतात, सालीला घट्ट चिकटतात, काही तर हवेतच लोंबत राहतात, पण झाडाच्या आत शिरत नाहीत. ती झाडाकडून फक्त जागा घेते. पाणी पावसाचे आणि दवाचे, तर अन्न सालीच्या खाचांत साचलेल्या धुळीतून, कुजलेल्या पानांतून आणि पक्ष्यांच्या विष्ठेतून. वनस्पतिशास्त्रात अशा झाडांना अपिवनस्पती म्हणतात. भाडेकरू म्हणावे तर भाडे देत नाही, पण घरमालकाच्या ताटातलेही काही खात नाही. फांदी आधीच कमकुवत असेल तर आमरीच्या जुन्या, मोठ्या जुडग्याचे वजन तिला जड होऊ शकते, एवढाच काय तो त्रास.

याच फांद्यांवर बाशिंग नावाचे नेचेही वाढते. त्याची खालची तपकिरी, वाळक्या पानांसारखी पाने खोडाला कवटाळून बसलेली असतात. तेही परोपजीवी नाही. म्हणजे कोयता चालवण्याआधी एकच गोष्ट बघायची : जोडाशी गाठ आहे की नुसती मुळे चिकटली आहेत?

आपल्या भागात कोणकोणत्या आमरी दिसतात?

भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेने २०१९ मध्ये देशातील आमरींची सचित्र सूची प्रसिद्ध केली. तिच्यात १,२५६ प्रजातींची नोंद आहे. त्यांपैकी ३८८ प्रजाती भारताबाहेर कुठेच नैसर्गिकरीत्या आढळत नाहीत, आणि ७५७ प्रजाती झाडांवर वाढणाऱ्या आहेत. या बाबतीत सर्वांत श्रीमंत भाग अर्थातच अरुणाचल आणि सिक्कीम. पण सह्याद्रीचाही त्यात मोठा वाटा आहे आणि मुंबईच्या आसपासच्या आमरींचा अभ्यास जुना आहे. सेंट झेवियर्स महाविद्यालयात शिकवणारे आणि पुढे सर्वेक्षण संस्थेचे संचालक झालेले फादर हर्मनगिल्ड सांतापाव यांनी कपाडिया यांच्यासह लिहिलेले ‘द ऑर्किड्स ऑफ बॉम्बे’ हे पुस्तक १९६६ मध्ये निघाले. ज्या काळात मोबाइलच काय, रंगीत छायाचित्रही महाग होते, त्या काळात हे काम सुकवलेले नमुने आणि रेखाचित्रे यांच्या बळावर झाले.

शहापूर-मुरबाडचा पट्टा माहुली, तानसाचे जंगल, सिद्धगड, गोरखगड ते माळशेज-नाणेघाट असा पसरला आहे. जून ते सप्टेंबर इथे धो धो पाऊस, आणि पुढचे आठ महिने जवळपास कोरडे. इथल्या आमरींची सगळी रचना या एका गोष्टीभोवती झाली आहे आणि त्यांना घरी सांभाळतानाही हीच गोष्ट लक्षात ठेवावी लागते.

सर्वांत ओळखीची म्हणजे सीतेची वेणी. मे-जूनमध्ये तिचा पांढऱ्या-जांभळ्या फुलांचा गच्च तुरा खाली लोंबतो आणि तो गजऱ्यासारखाच दिसतो. पाने लांब, जाड, मधोमध पन्हाळीसारखी खोल आणि टोकाला दोन असमान दात. हीच आमरी आसाममध्ये ‘कोपौ फूल’ म्हणून बिहूच्या वेळी नाचणाऱ्या मुलींच्या अंबाड्यात माळली जाते आणि ती आसामचे राज्यपुष्प आहे. आपल्याकडे तिच्याकडे मान वर करून कोणी पाहिले तर पाहिले.

रास्ना नावाने ओळखली जाणारी वांडा उन्हाळ्यात फुलते. तिची फुले थोडीच, पण पाहण्यासारखी असतात. पिवळट-हिरव्या पाकळ्यांवर तपकिरी चौकटींची जाळी आणि मधला ओठ निळसर-जांभळा. पाने अरुंद, मध्ये दुमडलेली आणि टोकाला कोणी दाताने कुरतडल्यासारखी. (आयुर्वेदातली रास्ना नेमकी कोणती, यावर मतभेद आहेत. वेगवेगळ्या प्रांतांत वेगवेगळ्या वनस्पती या नावाने विकल्या जातात. त्यामुळे नाव रास्ना आहे म्हणून अंगणातली वांडा काढ्यात घालू नये.)

एरिडिस जातीच्या आमरी पावसाळ्याच्या तोंडावर फुलतात. पाने रुंद, चामड्यासारखी, फुले गुलाबी आणि सुवासिक. सीतेच्या वेणीशी तिची गल्लत होते. फुले मोकळी-मोकळी आणि ओठ ठळक गुलाबी असला की ती एरिडिस समजावी.

आणि मग डेंड्रोबियम. या वनस्पतीवर सर्वाधिक अन्याय होतो, म्हणून तिच्याबद्दल जरा जास्त. सह्याद्रीत डेंड्रोबियम बार्बाट्युलम नावाची एक प्रजाती आहे. ती भारताबाहेर नाही. पावसाळ्यात तिला पाने असतात, तेव्हा ती कोणाच्याही नजरेत भरत नाही. पाऊस संपला की पाने गळतात आणि फांदीवर उरतो तो नुसता काड्यांचा झुपका. बुडाशी जरा फुगलेल्या, वर निमुळत्या, सुरकुतलेल्या काड्या. पाहणारा छातीठोकपणे सांगेल की हे मेले आहे. मग जानेवारी ते मार्चच्या दरम्यान, आजूबाजूचे जंगल पिवळे पडलेले असताना, या वाळक्या काड्यांवर पांढऱ्याशुभ्र फुलांचे घोस येतात. काड्यांत साठवलेल्या पाण्यावर आणि अन्नावर ती फुलते. आणलेल्या रोपाची पाने हिवाळ्यात गळाली म्हणून कचऱ्यात गेलेल्या डेंड्रोबियमची गणती कोणी केलेली नाही, पण ती थोडी नसावी.

सगळ्याच आमरी झाडावर नसतात. आषाढात गवताळ माळावर जमिनीलगत एक-दोन गोल पाने आणि वर पांढरे, झालरीचे फूल दिसले तर ती आषाढ आमरी. कातळावरच्या पातळ मातीच्या थरात तिचा कंद उरलेले वर्ष झोपून काढतो. गडावर चढणाऱ्यांच्या बुटाखाली ती सर्वांत आधी येते, कारण चांगला फोटो मिळावा म्हणून लोक पायवाट सोडून नेमके त्या गवतावर जातात.

मोबाइलने ओळख पटते का?

पटते, पण फूल असेल तर. गूगल लेन्स किंवा आयनॅचरलिस्टसारखी ॲप हजारो छायाचित्रांशी तुलना करून उत्तर देतात. फूल नसलेल्या आमरीचा फोटो दिला की ते आत्मविश्वासाने चुकतात. पट्ट्यासारखी जाड पाने तर सीतेच्या वेणीलाही असतात, वांडालाही आणि दुकानातल्या संकरित जातींनाही. ॲपला मिळणारी माहितीच अपुरी असेल तर उत्तर बरोबर कुठून येणार?

त्यामुळे फोटो एक नको, पाच-सहा हवेत. संपूर्ण रोप, पानाचे टोक, पान खोडाला जिथे जुळते ती जागा, मुळे, फूल समोरून आणि तेच फूल बाजूने. बाजूचा फोटो लोक विसरतात. आमरीच्या अनेक प्रजातींमध्ये ओठाच्या मागे शेपटीसारखी नळी असते आणि तिची लांबी, वाक हाच दोन प्रजातींमधला फरक असतो. कोणत्या झाडावर मिळाली आणि तारीख काय, हेही लिहून ठेवावे. फुलण्याचा महिना कळला की निम्म्या शंका तिथेच मिटतात.

आमरी कुळ ओळखण्याची एक खूण मात्र सगळीकडे चालते. फुलाला तीन बाहेरची आणि तीन आतली दले असतात, आणि आतल्या तिघांतले एक इतरांहून अगदी वेगळे, ठसठशीत असते. तोच ओठ, कीटकांना उतरण्यासाठीची धावपट्टी. शिवाय इतर फुलांत सुटे असणारे पुंकेसर आणि स्त्रीकेसर इथे एकाच दांड्यात मिसळलेले असतात.

रानातल्या आमरीचा फोटो समाजमाध्यमांवर टाकताना नेमकी जागा टाकू नये. ‘माहुलीच्या दुसऱ्या टप्प्यावरचा मोठा आंबा’ असे लिहिले की पुढच्या रविवारी तिथे पिशवी घेऊन कोणीतरी हजर होऊ शकते. आयनॅचरलिस्टवर ठिकाण धूसर ठेवण्याची सोय आहे, इतरत्र तालुक्याचे नाव पुरे.

रानातून आमरी घरी आणली तर काय हरकत आहे?

हरकत दोन प्रकारची आहे. पहिली कायद्याची. तानसा अभयारण्य किंवा भीमाशंकर अभयारण्याच्या हद्दीत येणारा सिद्धगडचा परिसर, अशा ठिकाणांहून कोणतीही वनस्पती परवानगीशिवाय काढणे हा वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ च्या कलम २९ नुसार गुन्हा आहे. अभयारण्याबाहेरच्या जंगलातही भारतीय वन अधिनियम १९२७ च्या व्याख्येत झाडांबरोबर वेली, गवत, शेवाळ अशा सगळ्या वनस्पती वनोपज म्हणून येतात. आमरीचे संपूर्ण कुळ ‘साइट्स’ या आंतरराष्ट्रीय कराराच्या यादीत आहे, त्यामुळे परदेशातल्या नातेवाइकाला सामानातून रोप नेऊन देणे हा प्रेमाचा नव्हे तर सीमाशुल्क विभागाचा विषय होतो.

दुसरी हरकत जीवशास्त्राची आहे आणि ती अधिक गंभीर. आमरीच्या एका बोंडात हजारो, काही प्रजातींत तर लाखो बिया असतात. ऐकायला भरपूर वाटते. पण त्या धुळीइतक्या बारीक असतात, कारण त्यांत अन्नसाठाच नसतो. गव्हाचा दाणा किंवा चिंचोका पहिल्या दिवसांची शिदोरी बरोबर घेऊन निघतो, आमरीची बी रिकाम्या हाताने निघते. ती सालीवर पडल्यावर तिथे एका विशिष्ट प्रकारची बुरशी असावी लागते. बुरशीचे धागे बीमध्ये शिरतात आणि त्यांच्याकडून मिळालेल्या अन्नावर अंकुर फुटतो. बुरशी नसेल तर बी संपली. अंकुर फुटल्यावरही फुलायला कित्येक वर्षे लागतात.

अमेरिकी वनस्पतिशास्त्रज्ञ लुईस नुडसन यांनी १९२२ मध्ये साखर घातलेल्या जेलीवर, बुरशीशिवाय या बिया रुजवून दाखवल्या आणि १९६० मध्ये फ्रान्सच्या जॉर्ज मोरेल यांनी वाढीच्या टोकाच्या सूक्ष्म तुकड्यापासून रोपे तयार करण्याचा मार्ग खुला केला. दुकानातले ऑर्किड आज सामान्य माणसाला परवडते ते या दोन प्रयोगांमुळे. तिथले रोप प्रयोगशाळेतल्या बाटलीत जन्मलेले असते. ते विकत घेतल्याने जंगलाचे काही कमी होत नाही. झाडावरून ओरबाडलेल्या आमरीची जागा भरून निघायला मात्र साल, बुरशी, पाऊस आणि कीटक असे सगळे पुन्हा जुळून यावे लागते.

वादळात पडलेल्या फांदीवरची आमरी मिळाली, तर?

स्वतःच्या बांधावरच्या किंवा अंगणातल्या झाडाची फांदी पडली असेल, तर ती वाचवणे हाच शहाणपणा. घरात आणण्यापेक्षा ती शेजारच्या दुसऱ्या झाडावर बांधणे केव्हाही चांगले. आंबा, ऐन, जांभूळ, फणस अशी खडबडीत सालीची झाडे यासाठी उत्तम. साल सोलून पडणाऱ्या झाडावर बांधू नये, सालीबरोबर आमरीही खाली येईल.

पहिली चूक होते ती सोडवताना. चिकटलेली मुळे हाताने ओढली की तुटतात आणि मुळांशिवाय आमरी फार दिवस काढत नाही. त्यामुळे रोप ओढू नये, फांदीचाच वीतभर तुकडा करवतीने कापावा आणि तो तुकडाच नव्या झाडावर बांधावा. बांधायला काथ्या किंवा जुन्या सुती साडीची पट्टी वापरावी. तार वापरू नये, ती उन्हात तापते आणि मुळांत रुतते. पट्टी सहा-आठ महिन्यांत कुजून गळते, तोवर नव्या मुळांनी पकड घेतलेली असते. आधी जितकी सावली होती साधारण तितकीच ठेवावी. वादळाच्या या दिवसांत, म्हणजे मे अखेर ते जूनमध्ये, हे केले तर पाऊस पुढचे सगळे पाहून घेतो. याच काळात आमरी नवी मुळे टाकते.

झाड नसेल आणि घरातच ठेवावे लागले, तर लाकडाच्या ओंडक्याला बांधून व्हरांड्यात टांगावे. पावसाळ्यात छपराबाहेर, हवेशीर जागी. दिवाळीनंतर पाणी कमी करत न्यावे. वांडा आणि सीतेच्या वेणीला कोरड्या महिन्यांत सकाळी लवकर मुळांवर फवारा मारला तर पुरतो, कारण रानातही त्यांना तेव्हा दवाचाच आधार असतो. काड्यांच्या डेंड्रोबियमला पाने गळल्यावर जवळपास पाणीच देऊ नये. काड्या फारच सुरकुतल्या तर अधूनमधून एक हलका फवारा. दया येऊन रोज पाणी घातले की फुलांऐवजी काडीला पिल्ले फुटतात किंवा बूड कुजते.

दुकानातून आलेली कुंडी : हे आहे तरी कोणते ऑर्किड?

भेट म्हणून येणारे रोप बहुतेक वेळा फॅलेनॉप्सिस असते. चार-सहा रुंद, मांसल पाने कुंडीलगत पसरलेली, मधून निघालेला कमानदार दांडा आणि त्यावर पतंगासारखी चपटी फुले. नावाचा अर्थही ‘पतंगासारखे दिसणारे’ असाच आहे. उसासारखी उभी खोडे आणि वरच्या टोकाशी फुले असतील तर ते संकरित डेंड्रोबियम. जांभळ्या-पांढऱ्या हारतुऱ्यांत दिसणारी फुले त्याचीच. जाळीदार टोपलीत मातीशिवाय टांगलेले, हातभर मुळे लोंबणारे ते वांडा, आणि पिवळ्या, घागरा पसरून नाचणाऱ्या बाईसारख्या असंख्य छोट्या फुलांचे ते ऑन्सिडियम.

शहापूर-मुरबाडच्या हवेत सर्वांत सोपे संकरित डेंड्रोबियम, त्यानंतर वांडा. फॅलेनॉप्सिसला एप्रिल-मेचा उन्हाळा जड जातो, पण घरात, खिडकीशी, थेट उन्हापासून दूर ते जगते. सिंबिडियमचे रोप कोणी गळ्यात मारत असेल तर मात्र घेऊ नये. बाजारातल्या त्याच्या मोठ्या फुलांच्या जाती थंड डोंगराळ भागासाठी आहेत, इथे पाने येतील पण फुले येणार नाहीत.

पाणी किती? ‘आठवड्यातून एकदा’ हे उत्तर का चुकते?

आमरीच्या मुळावर स्पंजासारखे एक आवरण असते. त्याला व्हेलामेन म्हणतात. कोरडे असताना त्याच्या पेशींत हवा भरलेली असते, म्हणून मूळ चंदेरी-पांढरे दिसते. पाणी लागले की ते काही क्षणांत शोषले जाते, आवरण पारदर्शक होते आणि आतला हिरवा रंग दिसू लागतो. म्हणजे मूळ स्वतःच सांगते. चंदेरी दिसले तर पाणी द्या, हिरवे असेल तर थांबा. पारदर्शक प्लास्टिकच्या कुंडीत ऑर्किड विकतात त्याचे एक कारण हेच.

जुलैत हवेतच एवढी ओल असते की दहा दिवसही पाणी लागत नाही, तर एप्रिलच्या झळांत एक दिवसाआड लागू शकते. त्यामुळे ठरावीक वेळापत्रक पाळणाऱ्यांचे ऑर्किड आधी मरते. मुळांना पाण्याइतकीच हवा लागते. ती सतत ओली राहिली की गुदमरतात आणि कुजतात. मग कुजलेली मुळे पाणी ओढू शकत नाहीत, पाने सुरकुततात, आणि घरचे लोक ‘पाणी कमी पडतेय’ म्हणून आणखी पाणी घालतात. बहुसंख्य कुंड्या या एका गैरसमजाने संपतात.

भेट मिळालेली कुंडी प्रथम उचलून पाहावी. बाहेर चिनी मातीचे सुंदर भांडे असते आणि आत प्लास्टिकची कुंडी. बाहेरच्या भांड्याला भोक नसते. तिथे साचलेले पाणी दिसत नाही आणि तेच घात करते. ते भांडे काढून टाकावे किंवा पाणी दिल्यावर पूर्ण रिकामे करावे.

पाणी सकाळी द्यावे, नळाखाली धरल्यासारखे भरपूर, आणि पूर्ण निथळू द्यावे. फॅलेनॉप्सिसच्या पानांच्या मधल्या खोबणीत पाणी साचू देऊ नये, नाहीतर गाभा सडतो. म्हणूनच या एका ऑर्किडला पावसात बाहेर ठेवू नये. बोअरवेलच्या क्षारयुक्त पाण्याने मुळांवर पांढरी खपली धरते. पागोळीखाली पिंप ठेवून साठवलेले पावसाचे पाणी सर्वोत्तम. तानसा, भातसा, वैतरणेचे पाणी मुंबईला पाठवणाऱ्या तालुक्यात दर उन्हाळ्यात टँकर फिरतात. तिथे फुलझाडासाठी पाणी मागणे विचित्र वाटेल, पण एका आमरीला आठवड्याला लागते ते दोन-तीन तांब्यांहून जास्त नसते.

माती नाही, मग कुंडीत काय भरायचे?

लोणारी कोळसा, विटांचे किंवा फुटक्या कौलांचे सुपारीएवढे तुकडे आणि थोडी नारळाची सोडणे. सगळे गावात मिळते. कोळसा आणि विटा आधी धुऊन धूळ काढावी. सोडणे दोन-तीन दिवस पाण्यात भिजवून, ते पाणी दोनदा बदलावे, म्हणजे त्यांतले क्षार निघून जातात. कोकणपट्टीच्या पावसात सोडणे जास्त झाली तर ओल धरतात, म्हणून ती एक हिस्सा आणि कोळसा-विटा तीन हिस्से हे प्रमाण बरे. कुंडीला बाजूनेही भोके हवीत.

दुकानातली रोपे बऱ्याचदा शेवाळात घट्ट कोंबलेली असतात. फुले असताना त्यांना हात लावू नये. फुले गळल्यावर शेवाळ काढून, कुजकी तपकिरी मुळे विस्तवावर धरलेल्या ब्लेडने कापून, रोप नव्या मिश्रणात बसवावे आणि चार-पाच दिवस पाणी देऊ नये. तेवढ्यात कापलेल्या जागा सुकतात.

खत म्हणून १९:१९:१९ हे पाण्यात विरघळणारे खत लिटरला अर्धा ते एक ग्रॅम, दहा-पंधरा दिवसांतून एकदा, तेही रोप वाढत असतानाच. जोरदार डोस देऊन फुले लवकर येत नाहीत, मुळे मात्र जळतात. पिठ्या ढेकूण किंवा खवले कीड दिसली तर साबणाच्या पाण्यात बुडवलेल्या कापसाने पुसावी. पावसाळ्यात रात्री बॅटरी घेऊन कुंडीखाली पाहावे, कोवळी मुळे खाणाऱ्या गोगलगायी तिथेच असतात.

पाने हिरवीगार, पण फूलच येत नाही. का?

बहुतेक वेळा उजेड कमी पडतो. पानांचा रंग गडद, काळपट हिरवा असेल तर रोप अंधारात आहे. पिवळट, लालसर झाला तर ऊन जास्त आहे. भाताच्या वाढत्या रोपासारखा पोपटी-हिरवा हवा. डेंड्रोबियम आणि वांडाला गच्चीवर ५० टक्के सावली देणारी हिरवी जाळी पुरते. फॅलेनॉप्सिसला पूर्वेची खिडकी.

फॅलेनॉप्सिसच्या बाबतीत दुसरे कारण तापमानाचे. काही आठवडे तापमान पंचवीस अंशांच्या खाली राहिले की त्याला फुलांचा दांडा काढायची सूचना मिळते. मुंबईतल्या बंद फ्लॅटमध्ये हे कठीण. शहापूर-मुरबाडला डिसेंबर-जानेवारीत रात्री चांगला गारवा असतो. कुंडी त्या दिवसांत पडवीत, मोकळ्या हवेत ठेवली तर काम होते. या बाबतीत गाव शहराच्या पुढे आहे.

फुले दोन-तीन महिने टिकतात आणि मग एकेक करून गळतात. रोप मेलेले नसते. दांडा हिरवा असेल तर खालून दुसऱ्या-तिसऱ्या पेराच्या वर कापावा, तिथून नवा फाटा फुटू शकतो. वाळला असेल तर बुडापासून कापावा. कधी कधी दांड्यावरच इवलेसे रोप उगवते. हवाई बेटांच्या भाषेतून त्याला ‘कीकी’ म्हणजे बाळ हे नाव मिळाले आहे. त्याला दोन-तीन बोटांएवढी मुळे आली की वेगळे करून दुसऱ्या कुंडीत लावता येते.

आणि झाडावर बांधलेल्या सीतेच्या वेणीला फुले गळल्यावर लांबट हिरवी बोंडे धरली, तर ती तोडू नयेत. ती पिकायला कित्येक महिने लागतात. मग एखाद्या कोरड्या, वाऱ्याच्या दुपारी ती उभी चिरतात आणि आतून पिवळसर भुकटी उडते. त्या भुकटीचा एखादा कण शेजारच्या ऐनाच्या सालीत, योग्य बुरशीवर पडला, तर तिथे पहिले पान दिसायलाही काही पावसाळे जावे लागतील.